मुंबईची व्यावसायिक मराठी रंगभूमी: पडता काळ आणि पुन्हा भरलेली नाट्यगृहे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

व्यावसायिक रंगभूमी म्हणजे नेमके काय?

नाट्यगृहाचे भाडे, वर्तमानपत्रातील जाहिरात, कलाकारांची आणि रंगमंच कामगारांची 'नाईट' म्हणजे दर प्रयोगाचे मानधन, नेपथ्य वाहून नेणारा टेम्पो, प्रकाशयोजना आणि ध्वनी यांचा खर्च तिकिटांच्या विक्रीतून भरून यावा, या हिशेबाने निर्माता जे नाटक सतत लावत राहतो, ते व्यावसायिक नाटक होय. हौशी संस्था स्पर्धेसाठी नाटक करतात. प्रायोगिक मंडळी थोडे प्रयोग करून नवे काही अजमावून पाहतात. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने चालवलेली चळवळ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. 'व्यावसायिक' या शब्दाचा अर्थ 'हलके' असा लावण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे, परंतु १९७० चे 'नटसम्राट' आणि १९८५ चे 'वाडा चिरेबंदी' ही दोन्ही नाटके तिकीट लावून, याच रंगमंचावर आली, हे लक्षात ठेवलेले बरे.

मुंबईत ही रंगभूमी कोठे आणि कशी रुजली?

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केले आणि पुढे दहा वर्षांनी आपली मंडळी घेऊन ते मुंबईत आले. ग्रँट रोड परिसरात त्या वेळी जगन्नाथ शंकरशेठ यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले नाट्यगृह होते आणि तेथे भाव्यांचे तिकीट लावून प्रयोग झाले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे मुंबईचे नाटक म्हणजे ग्रँट रोड आणि गिरगाव असेच समीकरण राहिले. किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श या मंडळ्या गावोगाव मुक्काम करीत फिरत. मुंबईचा मुक्काम त्यांना पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही देई. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी बालीवाला थिएटरात एकत्र केलेला 'संयुक्त मानापमान' हा त्या काळाचा कळस मानला जातो.

पहिली पडझड केव्हा झाली?

बोलपट आल्याबरोबर. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्याच मॅजेस्टिक सिनेमात लागला. पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' मराठीतून बोलू आणि गाऊ लागला. गद्य संवाद, पदे आणि देखावे ही नाटक मंडळींची तिन्ही भांडवले चित्रपटाने थोड्या आण्यांत उपलब्ध करून दिली. शिवाय नाटक मंडळी हा शेकडो माणसांचा संसार असे. स्वयंपाक्यापासून सारंगियापर्यंत सर्वांचे पोट तिकीटबारीवर चालत असल्याने चार आठवडे बुकिंग पडले की कर्ज होई. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्वांनी प्रभातच्या 'धर्मात्मा' या चित्रपटात भूमिका स्वीकारली, यावरून परिस्थितीची कल्पना येते. 'मराठी रंगभूमी मरणपंथाला लागली' हे वाक्य तेव्हापासून दर पिढीत कोणीतरी नव्याने उच्चारीत आले आहे.

मग १९६० च्या दशकातला बहर कशामुळे आला?

मधल्या काळात नाटकाने आपला आकार बदलला. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' आणले, आचार्य अत्रे यांनी विनोदी नाटकांनी प्रेक्षक टिकवला आणि मो. ग. रांगणेकरांच्या 'नाट्यनिकेतन'ने १९४२ च्या 'कुलवधू'सारखी आटोपशीर, घरगुती विषयांची नाटके केली. मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अ. ना. भालेराव यांच्या धडपडीतून नाट्यमहोत्सव भरवून जाणत्या प्रेक्षकाला पुन्हा नाटकाकडे वळवले, तर १९५४ पासून सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने लेखक आणि नट यांची नवी फळी दिली.

मात्र केवळ गुणी माणसांमुळे धंदा उभा राहत नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यावर गिरगावच्या केळेवाडीत साहित्य संघाचे नाट्यगृह, प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिर आणि १९६५ मध्ये दादरला शिवाजी मंदिर उभे राहिले. फिरत्या मंडळीची जागा निर्मात्याने घेतली: नटांना पगारावर पोसायचे नाही, प्रयोगागणिक नाईट द्यायची आणि एकाच नाटकाचे शेकडो प्रयोग शहराच्या वेगवेगळ्या भागांत करायचे. अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' १९६२ मध्ये फिरत्या रंगमंचावर आले. प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा'ने 'अश्रूंची झाली फुले' आणि 'कट्यार काळजात घुसली' दिली. मोहन वाघांच्या 'चंद्रलेखा'ने आणि मोहन तोंडवळकरांच्या 'कलावैभव'ने आपापला प्रेक्षक बांधला. मुंबईतील गोमंतकीयांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या धि गोवा हिंदू असोसिएशनच्या कला विभागाने तर 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'मत्स्यगंधा' आणि 'नटसम्राट' अशी एकाहून एक मोठी नाटके रंगमंचावर आणली. गोव्याच्या माणसांचे मुंबईच्या नाटकावरील हे ऋण अनेकदा दोन ओळींत उरकले जाते. मीही येथे तेच करीत आहे, याची जाणीव आहे.

ऱ्हास दूरदर्शनमुळे झाला, हे खरे ना?

अर्धे खरे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि नाटकाचा चांगला काळ त्यानंतरही बरीच वर्षे चालू राहिला. खरा धक्का बसला तो १९९९ नंतर, जेव्हा अल्फा मराठी आणि पाठोपाठ ईटीव्ही मराठी या खाजगी वाहिन्यांनी रोजच्या मालिका सुरू केल्या. प्रेक्षक संध्याकाळी घरी थांबू लागला, हे त्याचे एक अंग. परंतु त्याहून घातक गोष्ट अशी की नटही नाटकाच्या वेळी मोकळा राहिला नाही. मालिकेचे चित्रीकरण गोरेगावला किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर दिवसभर चाललेले असताना मंगळवारी रात्री साडेआठला शिवाजी मंदिरात तोंडाला रंग लावून उभा राहणारा नट मिळणे अशक्य झाले. तारखा जुळेनात म्हणून मधल्या वारांचे प्रयोग लावणे बंद झाले, आणि प्रयोग लागत नाहीत म्हणून मधल्या वारी नाटकाला जाण्याची सवय मोडली.

तरीही माझ्या मते दूरदर्शन आणि वाहिन्या हे दुसऱ्या क्रमांकाचे कारण आहे. पहिले कारण घराच्या किमतीत सापडते. नाटकाचा प्रेक्षक म्हणजे गिरगाव, दादर, परळ येथील चाळीत राहणारा, कचेरीतून किंवा गिरणीतून सहाला सुटून, जेवून, पायी नाट्यगृहात पोहोचणारा आणि प्रयोग संपल्यावर पायीच परतणारा माणूस. हा माणूस आधी विलेपार्ले-मुलुंडला, मग बोरिवली-ठाण्याला आणि पुढे डोंबिवली, कल्याण, विरार, बदलापूरला गेला. जनगणनेचे आकडे पाहिले तर २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आली, आणि त्याच काळात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची सुमारे ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. नाट्यगृहे जागच्या जागी राहिली आणि त्यांच्या भोवतीचा प्रेक्षक लोकलने निघून गेला. रात्री अकराला दादरहून गाडी पकडून साडेबाराला अंबरनाथला उतरणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी ७.१२ ची लोकल चुकवू शकत नाही. त्याने नाटक पाहणे सोडले, ते नाटक आवडेनासे झाले म्हणून सोडले असे मानण्याचे कारण नाही.

गिरणी संपाचा नाटकाशी काय संबंध?

फार जवळचा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांपैकी असंख्य जण पुन्हा कामावर गेलेच नाहीत. परळचे दामोदर नाट्यगृह हे गिरणी कामगारांच्या वस्तीचे स्वतःचे थिएटर होते. सोशल सर्व्हिस लीगने १९२० च्या दशकात उभ्या केलेल्या त्या सभागृहात कामगारांची नाटके, कोकणातली दशावतारी मंडळे, नमन-खेळे असे सारे होत असे. मालवणी 'वस्त्रहरण' १९८० मध्ये आले तेव्हा आरंभी ते डळमळत होते, पु. ल. देशपांडे यांच्या कौतुकाच्या पत्राने त्याला हात दिला, हे खरे असले तरी पुढे त्याचे हजारो प्रयोग झाले ते कोकणातल्या चाकरमान्यांच्या बळावर. संपानंतर हा चाकरमानी कायमचा गावी तरी गेला किंवा मिळेल त्या कामावर तुटपुंज्या पैशांत दिवस काढू लागला. मध्यमवर्गाच्या स्थलांतराविषयी बरेच लिहिले जाते. रंगभूमीने गमावलेल्या या कष्टकरी प्रेक्षकाविषयी त्या मानाने फारच कमी, आणि आजच्या पुनरुज्जीवनात परत न आलेला प्रेक्षक बहुतांशी तोच आहे.

नव्वदच्या दशकात तर नाटके जोरात चालत होती. मग ऱ्हास कसला?

काही नाटके जोरात चालत होती. 'ऑल द बेस्ट' १९९३ मध्ये आले, 'यदाकदाचित' आले, २००२ मध्ये 'सही रे सही' आले, सुधीर भट यांच्या 'सुयोग'ने प्रशांत दामले यांच्यासह विनोदी नाटकांचा सपाटाच लावला. परंतु एका नाटकाच्या हाऊसफुल्लच्या पाटीमागे चार नाटके दहा-बारा प्रयोगांत गुंडाळली जात होती आणि विषयांची विविधता आटत होती. विनोदी नाटक चालते म्हणून सर्वांनी विनोदी नाटकच काढले. गंभीर किंवा संगीत नाटकाला निर्माता मिळेना. विनोदाला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. 'सही रे सही'मधील भरत जाधव यांची वेगवान सोंगे पाहताना श्वास रोखून धरलेले प्रेक्षागृह ही खरीखुरी नाट्यानुभूतीच होती.

गिरगावच्या जुन्या नाट्यगृहांचे काय झाले?

ग्रँट रोडच्या जुन्या थिएटरांपैकी बहुतेकांचे आधी चित्रपटगृहात रूपांतर झाले आणि मग काही काळाच्या ओघात गेली. १९९३ पासून बंद असलेले रॉयल ऑपेरा हाऊस दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये सुंदर होऊन उघडले, पण रोजच्या मराठी व्यावसायिक नाटकाचे ते घर नव्हे. साहित्य संघाचे नाट्यगृह केळेवाडीत उभे आहे. व्यावसायिक प्रयोगांचा केंद्रबिंदू मात्र केव्हाच दादरला आणि तेथून उपनगरांत सरकला.

पुनरुज्जीवन म्हणतात ते नेमके कशात दिसते?

त्याची सुरुवात एका तारखेला झाली असे म्हणता येत नाही, पण २०१० नंतर चित्र बदलू लागले. सुनील बर्वे यांनी 'हर्बेरियम' या उपक्रमात 'सूर्याची पिल्ले', 'हमीदाबाईची कोठी' अशी जुनी नाटके प्रत्येकी २५ प्रयोगांची मर्यादा घालून पुन्हा आणली. प्रयोग मोजकेच आहेत म्हटल्यावर 'पुढच्या महिन्यात पाहू' असे म्हणणारा प्रेक्षक तिकिटाला धावला. २०१४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'वाडा चिरेबंदी' पुन्हा केले आणि लांब, संथ, गंभीर नाटकालाही गर्दी होते हे निर्मात्यांना दिसले. २०१६ चे 'अमर फोटो स्टुडिओ' तरुण प्रेक्षकाला घेऊन आले. २०१७ च्या अखेरीस 'भद्रकाली' या निर्मितीसंस्थेने आणलेले प्राजक्त देशमुख यांचे 'संगीत देवबाभळी' तर सर्व आडाख्यांना छेद देणारे ठरले: रंगमंचावर दोनच स्त्रिया, तुकारामांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई, गाणी प्रत्यक्ष गायची, नावाजलेला चेहरा एकही नाही. धंद्याच्या कोणत्याही जाणकाराने ही संहिता वाचून 'पंचवीस प्रयोग होतील' असे सांगितले असते. नाटक वर्षानुवर्षे चालले.

वाहिन्यांनी नाटकाचे नट पळवले असे आपण वर पाहिले. पुढे त्याच वाहिन्यांनी घराघरांत ओळखीचे केलेले चेहरे नाटकाच्या जाहिरातीवर झळकू लागले, आणि डोंबिवलीचा प्रेक्षक 'आपल्या मालिकेतली ती' प्रत्यक्ष पाहायला सावित्रीबाई फुले नाट्यगृहात येऊ लागला. ऑनलाइन तिकीटविक्रीने आणखी एक अडसर दूर केला: पूर्वी प्लॅन उघडण्याच्या, म्हणजे आगाऊ तिकीटविक्री सुरू होण्याच्या, दिवशी नाट्यगृहावर जावे लागे, आता वसईचा माणूस गाडीत उभ्या उभ्या पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहाची तिकिटे काढतो.

तर मग नाटक प्रेक्षकाच्या मागे उपनगरांत गेले, असे म्हणायचे का?

होय, आणि माझ्या मते सगळ्या पुनरुज्जीवनाचे मर्म तेथेच आहे. १९७८ मध्ये ठाण्याला गडकरी रंगायतन झाले, त्यानंतरच्या काळात ठाण्यातच डॉ. काशीनाथ घाणेकर, मुलुंडला कालिदास, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, वाशीला विष्णुदास भावे, कल्याणला आचार्य अत्रे अशी बहुधा महापालिकांच्या मालकीची नाट्यगृहे उभी राहिली. शनिवारी दुपारी बोरिवली, रात्री पार्ले, रविवारी दुपारी ठाणे, रात्री कल्याण असा दोन दिवसांत चार प्रयोगांचा फेरा घेणारे नाटक आज सर्रास आढळते. जुनी नाटक मंडळी बैलगाडीने आणि आगगाडीने फिरे, आताची बसने फिरते. फरक इतकाच की आताच्या फिरतीत मुक्काम नाही.

जुन्या नाटकांचे पुनरागमन हे नव्या लेखकांच्या दुष्काळाचे लक्षण नाही का?

काही अंशी आहे. जुन्या नाटकाचे नाव प्रेक्षकाने ऐकलेले असते, संहितेची परीक्षा आधीच झालेली असते, आणि निर्मात्याची जोखीम कमी होते. १९९१ चे प्रशांत दळवी यांचे 'चारचौघी' २०२२ मध्ये पुन्हा आले तेव्हा तीस वर्षांनंतरही त्यातल्या बायकांचे प्रश्न शिळे वाटले नाहीत, ही नाटकाची ताकद म्हणायची आणि समाजाचे अपयशही. परंतु प्रत्येक हंगामात जाहिरातींच्या रकान्यात जुनी शीर्षके वाढू लागली तर पुढच्या तीस वर्षांनी पुनरुज्जीवित करायला आपल्यापाशी काय असेल, हा प्रश्न निर्मात्यांनी स्वतःला विचारायला हवा.

करोनाच्या काळात रंगभूमी कशी तगली?

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली. नोव्हेंबरमध्ये निम्म्या आसनक्षमतेने परवानगी मिळाली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा टाळे लागले आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून, पुन्हा निम्म्याच आसनांवर, पडदा उघडला. नाईटवर जगणाऱ्या रंगमंच कामगारांचे हाल सर्वाधिक झाले. नटाला निदान मालिकेचा आधार होता, सेट लावणाऱ्याला आणि इस्त्री करणाऱ्याला कोणताच नव्हता. निर्बंध उठल्यावर मात्र प्रेक्षक अपेक्षेपेक्षा लवकर परतला. घरात बसून पडद्यावर सर्व काही पाहून झालेल्या माणसाला शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी हशाची किंमत कळली असावी, असा आपला माझा तर्क. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रशांत दामले यांनी आपल्या कारकिर्दीतील १२,५०० वा प्रयोग षण्मुखानंद सभागृहात केला, तेव्हा ती एका नटाच्या विक्रमाइतकीच रंगभूमी जिवंत असल्याची द्वाही ठरली.

शासन काही मदत करते का? तिकिटावर कर लागतो का?

निवड झालेल्या नव्या व्यावसायिक नाटकांना शासन दर्जानुसार प्रयोगागणिक अनुदान देते, आणि व्यावसायिक नाटकांसाठी वेगळी राज्य नाट्यस्पर्धाही घेते. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाट्यतिकिटाला वस्तू व सेवा करातून सूट आहे, म्हणून पुष्कळ नाटकांचा वरचा दर बराच काळ त्या आकड्याभोवती घुटमळलेला दिसतो. अनुदानाच्या भरवशावर प्रयोगसंख्या भरण्यासाठी रिकाम्या थिएटरात नाटक उरकण्याचा मोह होतो, अशी टीकाही या क्षेत्रातील माणसेच करीत असतात.

नाट्यगृहांची अवस्था कशी आहे?

कमकुवत दुवा हाच. शंभरीच्या घरात पोहोचलेले दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले आणि त्याविरुद्ध रंगकर्मी व स्थानिक मंडळी रस्त्यावर उतरली. रवींद्र नाट्य मंदिर नूतनीकरणानंतर २०२५ मध्ये पुन्हा उघडले. एखादे मोठे नाट्यगृह दुरुस्तीसाठी दीड-दोन वर्षे बंद राहिले की त्या उपनगरातील प्रेक्षकाची सवय तुटते आणि शनिवार-रविवारच्या तारखांसाठी उरलेल्या नाट्यगृहांवर निर्मात्यांची झुंबड उडते. अशा वेळी नवख्या निर्मात्याला चांगली तारीख मिळणे जवळजवळ अशक्य होते. स्वच्छतागृहांविषयी लिहिण्याची इच्छा नाही. एका उपनगरी नाट्यगृहात मे महिन्याच्या दुपारी वातानुकूलन बंद पडल्याने दुसरा अंक आम्ही कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत पाहिला आणि रंगमंचावरील नट मात्र शालजोडी पांघरून पौष महिन्यातला प्रवेश करीत होते, एवढे सांगून थांबतो.

मुंबईबाहेर आणि परदेशांत ही नाटके जातात का?

जातात. पुणे आणि नाशिक हे तर नेहमीचे फेरे झाले. कोकण आणि गोवा येथील दौऱ्यांत बहुधा स्थानिक आयोजक ठरावीक रकमेला प्रयोग विकत घेतो, त्यामुळे निर्मात्याची तिकीटविक्रीची चिंता मिटते. अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांनी बोलावलेले दौरेही होतात. मात्र नाटक टिकते की पडते याचा निकाल अजूनही मुंबई-ठाणे पट्ट्यातील पहिल्या पंचवीस प्रयोगांत लागतो.

मधल्या वारांचे प्रयोग पुन्हा सुरू होतील का?

सार्वजनिक सुट्टी आली की होतात, एरवी तुरळक. माझ्या दृष्टीने पुनरुज्जीवनाची खरी कसोटी हीच आहे. आठवड्यातले दोन दिवस भरलेले नाट्यगृह निर्मात्याला जगवते, पण केवळ नाटकावर जगणारा नट, प्रकाशयोजनाकार किंवा रंगमंच कामगार त्यातून उभा राहत नाही. त्याला उरलेले पाच दिवस दुसरीकडे काम शोधावे लागते.

नव्याने नाटक पाहू इच्छिणाऱ्याने काय करावे?

गुरुवार-शुक्रवारपासून वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिराती पाहाव्यात किंवा ऑनलाइन प्लॅन उघडावा. दुपारचा प्रयोग साधारण चारला आणि रात्रीचा साडेआठला असतो. लांब राहणाऱ्याने दुपारचा घ्यावा. चेहरा पाहून तिकीट काढत असाल तर त्या प्रयोगाला तोच कलाकार आहे ना, याची खात्री करावी, कारण बदली कलाकाराची सूचना पुष्कळदा बारीक अक्षरांत असते. मागच्या रांगांची स्वस्त तिकिटे वाईट नसतात. बटाटावड्याची रांग मध्यंतर होताच लागते, आणि दुसऱ्या अंकाची घंटा वडा संपण्याची वाट पाहत नाही.